दोन मार्शल : दणकट गाडीच्या निवडीचे अर्थशास्त्र

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आमच्या खानदेशात मार्शल हे नाव दोन ठिकाणी ऐकू येते, एक रस्त्यावर आणि एक वर्गात. रस्त्यावरची मार्शल म्हणजे महिंद्रा कंपनीची लांबट जीप. वर्गातले मार्शल म्हणजे १८९० साली 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' हा ग्रंथ प्रसिद्ध करणारे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल. पहिल्या मार्शलला लोंबकळत आमच्या गावची एक पिढी तालुक्याच्या बाजाराला गेली. दुसऱ्या मार्शलांनी आम्हां विद्यार्थ्यांना घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकवला. प्रस्तुत लेखात या दोघांची गाठ घालून देण्याचा विचार आहे.

प्रश्न साधाच आहे. खडबडीत वाटेवरही चालेल अशी दणकट गाडी रोजच्या वापरासाठी घ्यायची झाली, तर तिचे कोणते मॉडेल घ्यावे? बेस, मधले की टॉप? हा विषय कला शाखेच्या वार्षिकात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु शेतकरी किंवा कामकरी कुटुंबात घर आणि लग्न यांच्या खालोखाल सर्वांत मोठा खर्च गाडीचाच असतो, आणि तो बहुधा शोरूमच्या गार हवेत अर्ध्या तासात ठरतो. ज्या विषयाचा अभ्यास आपण तीन वर्षे करतो, तो या अर्ध्या तासात उपयोगी पडत नसेल तर त्याचा उपयोग तरी काय?

१. पूर्वी निवड नव्हती

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची विलिस जीप जगभर गाजली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनीने ती मुंबईत जुळवायला सुरुवात केली. त्यानंतर अनेक वर्षे जीप म्हणजे जीप, एवढीच ओळख होती. कमांडर, मार्शल, आर्मडा अशी नावे आली, तरी गिऱ्हाइकाचा प्रश्न 'मिळते का' हा होता, 'कोणते मॉडेल' हा नव्हता. पुढे २००० साली बोलेरो आली. ती आपल्या शेजारच्या नाशिकमध्ये बनते, त्यामुळे आपल्या भागाला ती परकी कधी वाटलीच नाही. २०१० साली थार आली ती तीन रूपांत : साध्या डीआय इंजिनाची दोन चाकांना जोर देणारी, त्याच इंजिनाची फोर बाय फोर, आणि अधिक ताकदीच्या सीआरडीई इंजिनाची फोर बाय फोर. २०२० साली नव्या बांधणीची थार आली. तेव्हा एएक्स आणि एलएक्स अशा पायऱ्या, पेट्रोल की डिझेल, कापडी छप्पर की पक्के, असे एकात एक गुंतलेले पर्याय गिऱ्हाइकापुढे उभे राहिले. २०२४ साली पाच दारांची थार रॉक्स आली, तिच्या पायऱ्या तर बोटांवर मोजताना गोंधळ उडतो.

निवड वाढणे चांगलेच. पण निवड वाढली की विचार करण्याची जबाबदारीही वाढते.

२. टॉप मॉडेल नेमके काय विकते?

माहितीपत्रकातली यादी लांबलचक असते. तिचे चार गट पाडले तर ती आटोक्यात येते. पहिला गट चालीचा : चारही चाकांना जोर, डिफरन्शियलचे कुलूप, टायर, जमिनीपासूनची उंची. दुसरा सुरक्षेचा, तिसरा सोयीचा, चौथा दिमाखाचा.

सुरक्षेच्या गटात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाके जाम होऊ न देणारे ए.बी.एस. ब्रेक २०१९ पासून आणि पुढच्या दोघांसाठी एअरबॅग २०२१ च्या अखेरीपासून नव्या गाड्यांना कायद्यानेच सक्तीचे झाले. म्हणून बेस मॉडेल म्हणजे उघड्यावर टाकलेले मॉडेल, असे आता राहिलेले नाही. शिवाय गाडीचा सांगाडा बेसला आणि टॉपला तोच असतो. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत २०२० साली थारला चार तारे मिळाले, तर २०२४ साली बोलेरो निओला एकच तारा मिळाला. हा फरक गाडी-गाडीतला आहे. टॉप मॉडेल घेऊन एका ताऱ्याचे चार होत नाहीत.

अडचण अशी की हे चार गट कंपनी सुटे विकत नाही. उदाहरणार्थ, २०२१ साली बोलेरो निओ आली तेव्हा मागच्या चाकांचे कुलूप फक्त 'एन १० (ओ)' या सर्वांत वरच्या मॉडेलला होते. चिखलात उपयोगी पडणारी एक वस्तू हवी, म्हणून तिच्यासोबत न लागणाऱ्या इतर वस्तूंचेही पैसे मोजायचे. शेताला युरिया घ्यायला गेल्यावर सोबत दुसरी पुडी गळ्यात मारली जाते, तो अनुभव आपल्याकडे नवा नाही. त्यालाच जोडविक्री म्हणतात.

३. जू, बैल आणि डिफरन्शियल

फोर बाय फोर आणि डिफरन्शियलचे कुलूप या दोन वस्तूंचा मोह सर्वांत मोठा, म्हणून त्या समजून घेऊ.

गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि आतल्या चाकाला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्यात घट्ट बसवली तर वळणावर एक चाक घासत जाईल. म्हणून मध्ये डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, पण वेग वेगवेगळा ठेवू देते. त्याचा दोष चिखलात कळतो. बैलगाडीच्या जुवाचे उदाहरण घ्या. एका बैलाने अंग काढले की जू तिरके होते, आणि दुसरा बैल कितीही दमाचा असला तरी गाडी जागची हलत नाही. तसेच एक चाक चिखलात गरगर फिरू लागले की दुसऱ्या चाकालाही तेवढाच अल्प जोर मिळतो. डिफरन्शियलचे कुलूप म्हणजे जू तिरके होऊ नये म्हणून ते बांधून टाकणे. मग जे चाक कोरड्यावर आहे ते गाडी ओढून काढते.

फोर बाय फोर ही त्याच्या पुढची पायरी. थारसारख्या गाडीत एरवी इंजिनाचा जोर मागच्या चाकांनाच जातो. चालकाने वेगळा दांडा ओढला की तो पुढच्या चाकांनाही मिळतो. त्यातही एक हलका गिअर असतो, ज्यात वेग कमी होतो पण ओढ पुष्कळ वाढते. मात्र पुढचे आणि मागचे एक्सल एकमेकांना घट्ट बांधले गेल्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर हा दांडा ओढून चालवू नये. वळणावर टायर घासतात आणि यंत्रावर ताण येतो. म्हणजे जळगाव ते धुळे या सुमारे नव्वद किलोमीटरच्या रस्त्यावर एरंडोल आले, पारोळा आले, तरी फोर बाय फोर नुसती झोपून राहते. तिचे वजन मात्र सोबत येते, आणि तिच्या तेलपाण्याचा खर्चही.

आणखी दोन गैरसमज दूर करायला हवेत. फोर बाय फोरने गाडी लवकर थांबत नाही, कारण ब्रेक सर्वच गाड्यांना चारही चाकांना असतात. दुसरे पाण्याबद्दल. २०२० च्या थारला ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाता येते असे कंपनीने सांगितले, पण तो आकडा वाहत्या पाण्याला लावू नये. फरशी पुलावरून पुराचे पाणी वाहत असताना ते गाडीला बाजूने ढकलते आणि खालून उचलतेही. तेथे चारही चाकांचा जोर व्यर्थ आहे. काठावर थांबणे हाच शहाणपणा.

४. ज्या गोष्टी माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतात

आपल्या भागात रोजच्या चालीला ज्यांचा उपयोग होतो, त्या गोष्टी बहुधा मोठ्या अक्षरांत छापलेल्या नसतात. पहिली उंची. साध्या बोलेरोची जमिनीपासूनची उंची सुमारे १८० मिलिमीटर, निओची १६०, आणि २०२० च्या थारची २२६. गाडवाटेला ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या असतात. तेथे गाडीचे पोट टेकले की चाके अधांतरी राहतात आणि कुलूपही कामाला येत नाही. म्हणजे वरच्या निओला कुलूप आहे पण उंची नाही, साध्या बोलेरोला उंची आहे पण कुलूप नाही. वरची पायरी प्रत्येक बाबतीत वरची असतेच असे नाही.

दुसरी गोष्ट टायरची. २०२० च्या थारमध्ये खालच्या एएक्स मॉडेलला १६ इंची चाके होती (टायर २४५/७५), आणि वरच्या एलएक्सला १८ इंची (टायर २५५/६५). यातला दुसरा आकडा टायरच्या रुंदीच्या शेकड्यात भिंतीची उंची सांगतो. गुणाकार केला तर खालच्या मॉडेलच्या टायरची भिंत सुमारे १८४ मिलिमीटर येते आणि वरच्या मॉडेलची १६६. खड्ड्याचा पहिला धक्का टायरची भिंत खाते. म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्याला स्वस्त मॉडेलचे टायरच जास्त मानवणारे, आणि दिसायला मात्र मोठी चाके रुबाबदार!

तिसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. कापडी छपराची गाडी पावसाळ्यातल्या फोटोत शोभते, पण उन्हाळ्यात रोज तीत बसायचे असेल तर पक्के छप्पर हवे. वातानुकूलन पुण्या-मुंबईच्या पुस्तकात चैन असेल, भुसावळच्या मे महिन्यात ती गरज आहे. एकच वस्तू स्थळकाळाप्रमाणे चैन किंवा गरज ठरते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतोच.

चौथी गोष्ट कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १५०० सी.सी.पर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के, आणि या मापाबाहेरच्या मोठ्या गाड्यांना ४० टक्के असे दर आले. बोलेरो पहिल्या गटात बसते. २०२३ साली आलेली मागच्या चाकांवर चालणारी दीड लिटर डिझेलची थारही त्यातच बसते. फोर बाय फोर थारचे इंजिन मोठे, म्हणून ती दुसऱ्या गटात जाते. करापूर्वीची किंमत समजा आठ लाख धरली, तर पहिल्या गटात कर १ लाख ४४ हजार होतो आणि दुसऱ्यात ३ लाख २० हजार. बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत नुसत्या कराचाच १ लाख ७६ हजारांचा फरक पडतो.

५. एका घरचा हिशेब

हा विषय मला पुस्तकातून सुचलेला नाही. आमचे घर धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात, तापीच्या बाजूला आहे. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, बावीस वर्षे दुसऱ्यांच्या जीपगाड्या चालवल्या. मोठा भाऊ ठिबक सिंचनाच्या नळ्या बसवण्याचे काम घेतो. शिरपूरपासून चोपड्यापर्यंत केळीच्या आणि कपाशीच्या शेतांत त्याचे रोजचे जाणे-येणे आहे. यंदा घरात प्रथमच नवी गाडी घ्यायचे ठरले. भावाचे मन फोर बाय फोर थारवर होते, आप्पांचे बोलेरोवर. तीन माहितीपत्रके माझ्यापुढे ठेवून आप्पा म्हणाले, "तू शिकेल शे ना, मंग तूच सांग." आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हा प्रश्न परीक्षेतल्या प्रश्नापेक्षा जड वाटला.

मी भावाची कामाची वही मागून घेतली. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गाडी रस्त्यावर ठेवून नळ्या खांद्यावर न्याव्या लागल्या, असे सात दिवस निघाले. आप्पांना विचारले की यातल्या किती दिवशी फोर बाय फोर शेतापर्यंत पोचली असती. ते म्हणाले, चार दिवशी तर काळी माती अशी होती की ट्रॅक्टरशिवाय काहीच गेले नसते. काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मग दोन चाके फिरली काय आणि चार फिरली काय! उरले तीन दिवस.

आता खर्च पाहू. सोयीसाठी दोन मॉडेलांतला फरक दोन लाख धरू. हे दोन लाख कर्जाने, शेकडा दहा व्याजाने, पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,२५० रुपये येतो. पाच वर्षांत फेड सुमारे २ लाख ५५ हजार. वर्षाचे ५१ हजार झाले. ते तीन दिवसांवर वाटले तर एका दिवसाला १७ हजार रुपये पडतात. तेवढ्यात शेजारचा ट्रॅक्टर बोलावून, टोचन लावून, ट्रॅक्टरवाल्याला जेवू घातले तरी पुष्कळ पैसे उरतील.

परंतु खरा हिशेब रुपयांत संपत नाही. धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. तिला नर्सिंगला जायचे आहे. तिच्या वसतिगृहाचा आणि जेवणाचा महिन्याचा खर्च त्या ४,२५० रुपयांच्या आसपास येतो. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात : एखादी वस्तू घेण्यासाठी जी दुसरी सर्वांत चांगली गोष्ट सोडावी लागते, ती त्या वस्तूची खरी किंमत. शोरूममधला माणूस म्हणतो, "मधल्या मॉडेलपेक्षा हप्त्यात थोडाच फरक पडेल." तो प्रत्येक पायरीची तुलना खालच्या पायरीशी करतो, म्हणून पायरी लहान दिसते. घरच्यांनी तुलना त्या पायरीशी करू नये, घरातल्या दुसऱ्या गरजेशी करावी. मग तीच पायरी केवढी उंच आहे ते दिसते.

६. दिमाखाची बाजू

भावाने हे सारे ऐकून घेतले आणि एक मुद्दा मांडला, तो माझ्या पुस्तकात नव्हता. तो म्हणाला, "ताई, शेतकरी आधी पाहतो, हा माणूस कशात बसून आला. खटाऱ्यात गेलो की दोन एकराचं काम मिळतं. चांगल्या गाडीत गेलो तर वीस एकराचं विचारतात."

अमेरिकन विचारवंत थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. लोक वस्तू उपयोगासाठी घेतात तशाच दाखवण्यासाठीही घेतात, असे त्यांचे म्हणणे. पण त्यांनी ते बसून खाणाऱ्या वर्गाला उद्देशून लिहिले. ज्या घरातल्या माणसाने बावीस वर्षे दुसऱ्याच्या गाडीचे दार उघडून दिले, त्या घराला स्वतःच्या गाडीची हौस वाटली तर तिला दिखाऊपणा म्हणायला माझे मन धजत नाही. शिवाय भावाच्या धंद्यात प्रतिष्ठा हे भांडवलच आहे.

म्हणून मी प्रतिष्ठेलाही मार्शलांचाच सिद्धांत लावून पाहिला. जुनी खटारा गाडी सोडून नवी, स्वतःची, धुतलेली गाडी दारात उभी राहिली की प्रतिष्ठेत मोठी भर पडते. तिच्यावर मधल्या मॉडेलचे थोडे अधिक. त्यापुढे टॉप मॉडेलची चकचकीत चाके आणि पडद्याचे संगीत-यंत्र यांनी बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मनात किती भर पडेल? फार थोडी. भाकरीप्रमाणे मानमरातबाचीही सीमांत उपयोगिता घटत जाते. ही गोष्ट भावालाही पटली. त्यानंतर थारच्या मागच्या बाजूस नळ्यांची गुंडाळी, हत्यारांची पेटी आणि दोन मजूर बसतात का, हे तो स्वतःच मोजून आला. शेवटी बोलेरोचे मधले मॉडेल ठरले. तिला मागे पाट्याच्या स्प्रिंग असल्याने ओझ्याची चिंता नाही. वाचलेल्या पैशांतून चांगले टायर आणि मजबूत टोचनाचा दोर घ्यायचा, ही आप्पांची अट. आप्पांना बेस मॉडेलच पुरेसे वाटत होते. मे महिन्यात दिवसभर गाडीत बसणारा भाऊ आहे, तेव्हा थोडी सोय ही चैन नव्हे, असे मी म्हटले. त्यावर ते हसले. पटले की नाही ते अजून सांगत नाहीत.

७. उपसंहार

यावरून फोर बाय फोर म्हणजे नुसता पैशाचा धूर, असा निष्कर्ष कोणी काढू नये. सातपुड्याच्या पाड्यांवर किंवा १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या अक्राणीच्या डोंगरात बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीला वर्षातून तीनच वेळा चारही चाके लागली, तरी त्या तीन वेळांची किंमत रुपयांत होत नाही. तेथे टॉप मॉडेल ही गरज आहे. सिद्धांत तोच, फक्त उपयोगिता वेगळी.

मॉडेलांची नावे दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. हा लेख छापून होईपर्यंतही काही बदललेली असतील. म्हणून नावे विसरली तरी चालतील, प्रश्न मात्र लक्षात ठेवावेत. वर्षातला सर्वांत वाईट दिवस कोणता आणि तो किती वेळा येतो? त्या दिवशी ही वस्तू खरोखर तारेल की ट्रॅक्टरच लागेल? उरलेल्या साध्या दिवसांत ती काय देते? ती सुटी किंवा बाहेरून बसवून मिळते का? आणि तिच्यासाठी घरातले कोण कशाला मुकणार आहे?

शेवटचा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. तो घरातल्या शिकलेल्या माणसानेच विचारायचा असतो. आपल्यापैकी पुष्कळजण आपापल्या घरातले पहिलेच शिकणारे आहोत. आज ना उद्या आपल्यापुढेही अशी पत्रके येऊन पडतील, तेव्हा या लेखातले एखादे वाक्य आठवले तरी तो लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.